पंचवीस हजार रुपये आणि सात वर्षांचा ब्रँडेड गेमिंग संगणक

माझ्या धाकट्या भावाने २०१८ च्या दिवाळीत एक ब्रँडेड गेमिंग संगणक घेतला होता. पुढे नोकरीसाठी तो परदेशी गेला आणि तो संगणक आमच्या डोंबिवलीच्या घरी आला. गेली काही वर्षे माझी मुलगी त्यावर अभ्यास करते, चित्रे काढते आणि सवड मिळेल तेव्हा गेम खेळते. २०२५ च्या मार्चमध्ये तिची दहावीची परीक्षा संपली. तोपर्यंत संगणक इतका मंदावला होता की तो चालू करून स्वयंपाकघरात चहा टाकायचा आणि कप घेऊन परत यायचे, असा तिचा क्रमच ठरून गेला होता. “बाबा, नवीनच घ्यायचा का?” असे तिने एकदा भीत भीत विचारले. नवा गेमिंग संगणक म्हणजे किमान साठ-सत्तर हजारांचा खर्च होता आणि तो त्या वर्षी शक्य नव्हता. पंचवीस हजार मात्र बाजूला काढता येणार होते. त्या पंचवीस हजारांचे काय केले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय केले नाही, ते येथे सविस्तर लिहीत आहे. असे संगणक आज अनेक घरांत आहेत आणि त्यांच्यावर चुकीच्या जागी पैसे खर्च होताना मी पाहिले आहेत.

संगणकात काय होते ते आधी सांगतो. इंटेलचा कोअर आय५-८४०० हा सहा कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर४ रॅमची (चालू कामासाठीच्या तात्पुरत्या मेमरीची) एकच पट्टी, १ टीबीची हार्ड डिस्क, ४ जीबीचे जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आणि संगणकाला वीज पुरवणारा ३०० वॅटचा एसएमपीएस. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जी तक्रार करणार आहे ती बहुतेक ब्रँडेड संगणकांना कमी-अधिक लागू पडते.

संगणक मंद झाला की “ग्राफिक्स कार्ड बदला” हा सल्ला सर्वांत आधी मिळतो. सर्वांत महाग भागही तोच असतो. पण दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला असे होऊ नये म्हणून मी पहिले चार दिवस एक रुपयाही खर्च न करता केवळ मोजमाप केले. टास्क मॅनेजर उघडून संगणक सुरू होताना पाहिले, तर पहिली काही मिनिटे हार्ड डिस्कचा वापर सलग शंभर टक्के दिसत होता आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला होता. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर घातले, म्हणजे गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी, रॅम आणि तापमान हे आकडे दिसत राहतात. ‘फोर्झा होरायझन ५’ या गेममध्ये चाचणीची सोय आतच आहे, त्यामुळे प्रत्येक बदलानंतर तीच चाचणी पुन्हा घेऊन वहीत आकडे लिहिता आले.

या निरीक्षणातून एक फरक स्पष्ट झाला आणि माझ्या मते सारे निर्णय त्यावरच अवलंबून असतात. गेम अखंडपणे, एकसारखा संथ चालत असेल आणि कार्डाचा वापर ९८-९९ टक्क्यांवर चिकटलेला असेल, तर कार्ड कमी पडते आहे. परंतु गेम एरवी बरा चालतो आणि मध्येच अर्धा सेकंद गोठतो, विशेषतः नव्या भागात शिरताना किंवा वेगाने वळताना, तर दोष बहुधा कार्डाचा नसून रॅमचा किंवा डिस्कचा असतो. रॅम भरली की विंडोज तिच्यातील काही भाग डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला विखुरलेल्या लहान लहान नोंदी वाचायला इतका वेळ लागतो की तेवढ्या काळात गेम थांबून राहतो. सेकंदाला साठ फ्रेमच्या, म्हणजे साठ चित्रांच्या, हिशेबाने एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. हार्ड डिस्कच्या सुईला योग्य जागी पोहोचायलाच त्यातील बराचसा वेळ जातो. आमच्या संगणकाला हे दोन्ही आजार होते, पण मुलीला जो त्रास होत होता तो प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारचा होता. ८ जीबीपैकी साडेसात जीबी गेम सुरू होताच भरत होते.

त्याच वेळी क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरने हार्ड डिस्कपुढे पिवळी खूण दाखवली. याचा अर्थ डिस्कवरील काही जागा खराब होऊन त्यांच्याऐवजी राखीव जागा वापरल्या जात होत्या. त्या संध्याकाळी दुसरे काहीही न करता घरातील सर्व फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. जुना संगणक हाती घेणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी पहिल्याच दिवशी करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आता एसएमपीएसविषयी. कॅबिनेटचे झाकण उघडल्यावर मी सर्वांत जास्त वेळ त्याच्याकडे पाहण्यात घालवला. असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेल्या, संगणकात एसएमपीएसमधून मदरबोर्डकडे, म्हणजे सर्व भाग ज्यावर जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डकडे, चोवीस पिनांची रुंद जोडणी जाते आणि हा नमुना सर्वत्र सारखा असतो. आमच्या संगणकात ती जोडणी नव्हतीच. कंपनीने स्वतःच्या नमुन्याचा लहान प्लग वापरला होता, आणि हार्ड डिस्कची वीजही एसएमपीएसमधून थेट न येता मदरबोर्डवरून एका बारीक वायरने येत होती. ग्राफिक्स कार्डाला जादा वीज देणारी सहा किंवा आठ पिनांची वायर तर मुळीच नव्हती. म्हणजे बाजारातला कोणताही चांगला एसएमपीएस आणून सरळ जोडणे शक्य नव्हते. असे प्लग जुळवून देणारे अ‍ॅडॉप्टर मिळतात, हे खरे आहे. पण प्लगचा आकार सारखा असूनही आतील तारांचा क्रम मॉडेलनुसार वेगळा असू शकतो आणि चूक झाली तर मदरबोर्डच जळतो. गेमिंग म्हणून विकलेल्या संगणकात ग्राहकाला पुढे कार्ड वाढवण्याची वाटच बंद करून ठेवावी, याचे मला आजही वाईट वाटते.

आणि मदरबोर्ड बदलावा म्हटले, तर आणखी एक अडचण होती. ब्रँडेड संगणकाबरोबर आलेल्या विंडोजचा परवाना त्या मदरबोर्डशीच बांधलेला असतो. त्याची किल्ली बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, साठवलेली असते. मदरबोर्ड बदलला की तो परवाना गेला, कॅबिनेटच्या पुढच्या बटणाची जोडणी जुळेलच याची खात्री नाही, आणि एकेक करता करता नवा संगणक घेण्याइतकाच खर्च होतो. म्हणून अंथरूण पाहून पाय पसरायचे ठरवले. एसएमपीएस आणि मदरबोर्ड यांना हात लावायचा नाही आणि त्या ३०० वॅटमध्ये जे बसेल तेवढेच घ्यायचे.

हिशेब सोपा होता. आय५-८४०० ची मर्यादा कागदोपत्री ६५ वॅट आहे, थोडा वेळ तो त्याहून जास्त घेतो, म्हणून ८० धरले. मदरबोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे मिळून ५० धरले. जुन्या १०५० टीआयची मर्यादा ७५ वॅट होती आणि ती सारी वीज त्याला मदरबोर्डच्या खाचेतूनच मिळत होती, कारण त्या खाचेची क्षमताच ७५ वॅट असते. बेरीज २०५ वॅट होते. सात वर्षे वापरलेल्या ३०० वॅटच्या एसएमपीएसवर यापेक्षा फार वर जाऊ नये, असे मला वाटले. म्हणजे नवे कार्डही खाचेतल्या विजेवर चालणारेच हवे होते.

मे महिन्यातल्या एका शनिवारी मुलीला घेऊन मुंबईत संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडला गेलो. डोंबिवलीहून दादर, तेथे पश्चिम मार्गावर गाडी बदलून ग्रँट रोड. त्या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण सुट्या भागांसाठी जाणारा कोणी ते नाव घेत नाही. पहिल्या दोन दुकानांत “साहेब, जुन्यात कशाला पैसे घालता?” असे म्हणून थेट नव्या संगणकाचे कोटेशन पुढे केले गेले. तिसऱ्या दुकानातील मुलाने मात्र कार्डाचे नाव ऐकताच पहिला प्रश्न केला, “एसएमपीएस किती वॅटचा आहे, आणि पॉवर कनेक्टर आहे का?” मी फोनमधला एसएमपीएसच्या लेबलाचा फोटो दाखवला. खरेदी कोणाकडून करायची ते तिथेच ठरले.

कार्ड निवडताना नावावर जाऊ नये, हे येथे विशेष सांगावेसे वाटते. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने दोन बरीच वेगळी कार्डे विकली जातात. ८ जीबीच्या कार्डाला १३० वॅट लागतात आणि जादा वीजजोडणीची गरज असते, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले ६ जीबीचे कार्ड ७० वॅटमध्ये भागते. ते ८ जीबीच्या कार्डापेक्षा हळू आहे, पण १०५० टीआयपेक्षा पुष्कळच वेगवान आहे आणि विजेचा भार उलट पाच वॅटने कमी होतो. आमच्यासाठी तेच योग्य होते. तरीसुद्धा खोके उघडून कार्डाच्या कडेला जादा सॉकेट नाही ना, हे आम्ही प्रत्यक्ष पाहून घेतले. घरून निघण्यापूर्वी मुलीने पट्टीने मागच्या पत्र्यापासून हार्ड डिस्कच्या खणापर्यंतचे अंतर मोजले होते, ते २३ सेंटिमीटर भरले होते. म्हणून एका पंख्याचे आखूड कार्ड घेतले.

ज्यांच्या संगणकात नेहमीच्या नमुन्याचा, साडेचारशे-पाचशे वॅटचा चांगला एसएमपीएस आहे, त्यांनी मात्र या कार्डावर समाधान मानू नये. त्यांच्यासाठी ८ जीबीचे रेडिऑन आरएक्स ६६०० हे १३२ वॅटचे कार्ड कितीतरी सरस आहे आणि तेव्हा ते वीस हजारांच्या आसपास मिळत होते. जुन्या संगणकासाठी दोन कार्डे टाळावीत. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातील जोडणीच्या, केवळ चार मार्गिका वापरते, त्यामुळे आमच्यासारख्या आठव्या पिढीच्या इंटेल मदरबोर्डवर, जिथे ही व्यवस्था तिसऱ्या आवृत्तीची आहे, त्याचा वेग चांगलाच घटतो. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची सर्व मेमरी एकदम वापरू देणारी, सोय लागते, आणि त्यासाठी इंटेलच्या दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सुचवलेले आहेत. ती नसेल तर कार्ड कितीही स्वस्त मिळाले तरी उपयोग नाही. सेकंडहँड कार्डांचाही विचार केला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवर चालणारे मायनिंग बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात मोठ्या प्रमाणावर आली. त्यांतली काही अजूनही उत्तम चालतात, पण जिथे एकदाच खर्च करता येणार आहे तिथे मला तीन वर्षांची वॉरंटी हवी होती. बिल न घेतल्यास भाव कमी करण्याची तयारीही एका ठिकाणी दाखवली गेली. ती नाकारली, कारण वॉरंटीच्या वेळी अनुक्रमांकासह असलेले जीएसटीचे बिलच कामी येते.

रॅम घेताना भपक्याला भुलू नये. आमच्या मदरबोर्डवर डीडीआर४-२६६६ हीच कमाल मर्यादा आहे आणि बायॉसमध्ये एक्सएमपीची, म्हणजे रॅम वाढीव वेगाने चालवण्याची, सोय नाही. चकचकीत आवरणाच्या, दिव्यांच्या अनेक पट्ट्यांचा जाहिरातीतला वेग एक्सएमपी असेल तरच मिळतो, एरवी त्या २१३३ किंवा २४०० वर चालतात. म्हणून साधी हिरवी, १.२ व्होल्टची ८ जीबीची पट्टी घेतली. रॅम १६ जीबी झाली, एवढाच तिचा फायदा नाही. एका पट्टीवर सेकंदाला सुमारे २१ जीबीची वाहतूक होऊ शकते, तर जोडीने बसवल्यावर ती दुप्पट होते. प्रोसेसरला वाट पाहावी लागत नाही आणि गेममधील सर्वांत वाईट क्षण सुधारतात. एकच पट्टी घालून संगणक विकण्यात कंपनीचे फार थोडे पैसे वाचतात आणि ग्राहकाचे नुकसान मात्र वर्षानुवर्षे होत राहते.

घरी आल्यावर सर्व भाग एकदम न बसवता एकेक करून बसवले, म्हणजे काही बिघडल्यास दोष कशात आहे ते कळते. पहिल्यांदा हार्ड डिस्कच्या जागी घेतलेली एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क. मदरबोर्डवर अशा डिस्कसाठीची एम.२ ची खाच रिकामी होती, पण ती दाबून धरणारा बारीक स्क्रूच कंपनीने दिलेला नव्हता आणि एसएसडीच्या खोक्यातही नव्हता. तो स्क्रू दोन मिलिमीटर जाडीचा असतो, घरातल्या डब्यातला कोणताच स्क्रू त्याला चालत नाही. एसएसडी एका टोकाने खाचेत अडकून दुसऱ्या टोकाने तिरपी वर उठलेली, आणि आम्ही दोघे तिच्याकडे पाहत बसलेलो. शेवटी स्टेशनजवळच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. त्या गृहस्थांनी एका जुन्या लॅपटॉपमधला स्क्रू चिमट्याने काढून कागदाच्या पुडीत बांधून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

नव्या एसएसडीवर विंडोज ११ नव्याने घातले. आठव्या पिढीचा प्रोसेसर त्यासाठी पात्र आहे, फक्त बायॉसमध्ये इंटेल पीटीटी या नावाने असलेली टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू करावी लागली. परवाना आपोआप लागू झाला. सातव्या पिढीच्या संगणकांना ही वाट अधिकृतपणे उपलब्ध नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, ही गोष्ट त्या पिढीच्या संगणकावर खर्च करण्यापूर्वी विचारात घ्यावी. प्रोसेसर बसवायच्या सॉकेटचे नाव सारखेच ११५१ असले, तरी आठव्या पिढीचा प्रोसेसर त्या जुन्या मदरबोर्डवर चालत नाही, हेही लक्षात ठेवावे.

संगणक आता वीस सेकंदांच्या आत वापरायला तयार होऊ लागला. मुलीने पहिल्या दिवशी तो तीन वेळा बंद करून पुन्हा चालू केला.

रॅमच्या वेळी मात्र थोडी घबराट झाली. पट्टी बसवून बटण दाबले, तर पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. वीज बंद करून, प्लग काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून पट्टी पुन्हा काढली. त्या खाचेला एकाच बाजूला चाप होता. दुसऱ्या बाजूने पट्टी पूर्ण आत गेली आहे असे केवळ वाटत होते. दोन्ही अंगठ्यांनी सारख्या दाबाने बसवल्यावर ‘कट’ असा आवाज आला आणि सर्व सुरळीत झाले. त्याच संध्याकाळी घेतलेल्या चाचणीत सरासरी फ्रेम जवळजवळ तितक्याच राहिल्या, पण मध्येच गोठणे थांबले. मुलगी म्हणाली, “बाबा, आता हे चालेल की! कार्ड नाही घेतलं तरी चाललं असतं.” ती अगदी चुकीचे बोलत नव्हती. ज्यांचे अंदाजपत्रक याहून बरेच कमी आहे त्यांनी एसएसडी आणि रॅमवर थांबावे. संगणकाचा दिवसभरातला त्रास एवढ्याने जातो.

कार्ड बसवण्यापूर्वी एक दिवस साफसफाईसाठी ठेवला. प्रोसेसरवरील पंखा काढल्यावर त्याच्या खालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांमध्ये राखाडी धुळीचा जाड थर नमद्यासारखा बसलेला दिसला. तो बोटांनी उचलला तर अखंड सुटून आला. प्रोसेसरची उष्णता पात्यांकडे नेणारी थर्मल पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती. मऊ ब्रशने धूळ काढली, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली. फुंकणीने हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, ती वेगाने फिरली तर पंख्याला इजा होऊ शकते. कॅबिनेटच्या मागे १२० मिलिमीटरच्या पंख्याची जागा रिकामी होती, तिथे एक साधा पंखा लावला. पूर्वी गेम खेळताना प्रोसेसरचे तापमान नव्वदीत जात असे, आता ते सत्तरीच्या आसपास राहते. शेजारच्या खोलीत ऐकू येणारा पंख्याचा आवाजही बंद झाला.

शेवटी कार्ड. मागील दोन पत्र्याच्या पट्ट्या सोडवल्या, जुने कार्ड खाचेचा चाप दाबून काढले, नवे बसवले आणि पडद्याची केबल मदरबोर्डला न लावता कार्डालाच लावली. पूर्वी मध्यम सेटिंगवर चाळीसच्या आसपास फ्रेम मिळत होत्या, आता वरच्या सेटिंगवर साठच्या पुढे मिळतात. आमचा पडदा १०८०पी आणि ६० हर्ट्झचा आहे, त्यापलीकडच्या फ्रेम तो दाखवूही शकत नाही. पुढे एनव्हीडियाने १०५० टीआयच्या पिढीसाठी गेमचे नियमित ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले, त्यामुळे हा बदल वेळेवर झाला असे म्हणता येईल.

वहीतला हिशेब असा आहे: १ टीबी एसएसडी ५,२०० रुपये, रॅम १,६५०, पंखा ४५०, थर्मल पेस्ट आणि ब्रश मिळून ४००, कार्ड १६,८००. एकूण २४,५०० रुपये. हे मे २०२५ चे भाव आहेत. त्या वर्षाच्या अखेरीस मेमरीचे भाव इतके चढले की तीच पट्टी आज घ्यायची झाल्यास मी सेकंडहँड रॅमचा विचार करेन. रॅमवर वॉरंटीचा आग्रह मला कार्डाइतका वाटत नाही. यापैकी एसएसडी, कार्ड आणि पंखा पुढे नव्या संगणकात नेता येतील, म्हणून त्यांच्यावर जास्त खर्च करताना मन खात नव्हते. डीडीआर४ रॅम मात्र डीडीआर५ च्या मदरबोर्डवर चालणार नाही. प्रोसेसर बदलून आय७-८७०० घालता आला असता, पण चाचणीत प्रोसेसर कुठेही कमी पडताना दिसला नाही, म्हणून तो विषय तिथेच सोडला.

काढलेले १०५० टीआय कार्ड स्वच्छ पुसून नव्या कार्डाच्या अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवले आहे. सांगलीला माझ्या बहिणीकडे एक जुना असेंबल्ड संगणक आहे, त्यात वेगळे कार्ड नाही, आणि भाच्याने ते मागितले आहे. त्याला मी आधी एसएमपीएसच्या लेबलाचा आणि मदरबोर्डवरील रिकाम्या खाचेचा फोटो पाठवायला सांगितले आहे. लेबलाचा आला आहे, खाचेचा यायचा आहे.